रिपोर्टमध्ये पी-५३ ‘पॉझिटिव्ह’ : राखण करणारे प्रथिन एवढे वाढलेले असताना गाठ झालीच कशी?

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पेशीविभाजनाचा धडा घेताना पी-५३ या प्रथिनाचे नाव मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. डीएनएला इजा झाली की हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला उसंत देते आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरणाच्या वाटेला लावते. म्हणूनच त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हणतात, असे मी मुलांना सांगतो. गेल्या आठवड्यात हेच नाव घरातल्या एका कागदावर वाचायची वेळ आली, आणि ते आपल्याला किती थोडे समजले आहे हे माझ्या लक्षात आले.

माझी आत्या तासगाव तालुक्यात राहते. वय ५८, घरची द्राक्षबाग, हातपाय सदैव कामात. दिवाळीपासून तिचे पोट फुगल्यासारखे होत होते आणि दोन घास खाल्ले की पोट भरत होते. जवळच्या दवाखान्यात तीन महिने गॅसच्या गोळ्यांवर गेले. सोनोग्राफी करा असे कोणी म्हटले नाही आणि आम्हालाही ते सुचले नाही, याची रुखरुख मला कायम राहील. शेवटी मिरजेला आणले, तेव्हा पोटात पाणी होते आणि ओव्हरीला गाठ होती. ऑपरेशन झाले. बायोप्सीच्या रिपोर्टात ‘हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा’, म्हणजे ओव्हरीच्या कर्करोगाचा झपाट्याने वाढणारा प्रकार, असे निदान आहे. त्याखाली पॅक्स-८ आणि डब्ल्यूटी-१ ही प्रथिने पॉझिटिव्ह असल्याची नोंद आहे आणि मग ही ओळ आहे : ‘पी-५३ : डिफ्यूज स्ट्राँग न्यूक्लिअर पॉझिटिव्ह, म्युटंट पॅटर्न’.

ती ओळ अर्धी वाचेपर्यंत, खरे सांगतो, मला क्षणभर धीर आला. राखणदार भरपूर आहे, म्हणजे शरीर लढते आहे, असे वाटून गेले. पुढचे दोन शब्द वाचले आणि तो धीर गेला. जे प्रथिन कर्करोग रोखते, तेच कर्करोगाच्या प्रत्येक पेशीत ठासून भरलेले कसे, हे मला कळत नाही. दुसरा प्रश्न आत्याच्या मुलाचा आहे. त्याने रात्री फोन करून विचारले, “दादा, म्युटंट म्हणजे आमच्या रक्तातच आहे का? माझ्या मुलींनाही होणार का?” मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कराडची_सून
सोमवार, रात्री १०.१५

सर, आत्यांना लवकर आराम पडो. माझ्या सासूबाईंच्या स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टात ईआर, पीआर आणि हर-२ एवढेच होते, पी-५३ चा उल्लेख कुठेही नव्हता. ती तपासणी करायची राहून गेली असेल का?

सूक्ष्मदर्शी
मंगळवार, रात्री ८.०५

मी मिरजेत पॅथॉलॉजीत काम करते आणि असे रिपोर्ट लिहिणे हेच माझे रोजचे काम आहे. आधी कराडच्या ताईंसाठी : काहीही राहिलेले नाही. स्तनाच्या गाठीत औषध ठरवण्यासाठी त्या तीन तपासण्या लागतात. पी-५३ नेहमी केली जात नाही, कारण तिच्या उत्तरावर तिथे उपचार बदलत नाहीत. ओव्हरीच्या गाठीत ती निदान पक्के करण्यासाठी करतात.

आता सरांचा प्रश्न. आत्याबाईंच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतात. त्यावर पी-५३ ला जाऊन चिकटणारे प्रतिपिंड सोडतात आणि जिथे ते चिकटले असेल तिथे तपकिरी रंग उमटेल अशी प्रक्रिया करतात. उरलेली केंद्रके निळसर दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी ऊतक पाहिले, तर एखादे केंद्रक गडद, दोन फिकट, चार कोरी, असे विरळ चित्र दिसते, कारण निरोगी पेशीत हे प्रथिन फार थोडे असते आणि ज्या पेशीला त्या घटकेला गरज असेल तिच्यातच ते वाढलेले असते. आत्याबाईंच्या काचेवर मात्र गाठीचे जवळपास प्रत्येक केंद्रक कोऱ्या चहासारखे गडद तपकिरी दिसले असणार. ‘डिफ्यूज स्ट्राँग’ याचा अर्थ एवढाच.

आपण नेहमी वापरतो ते प्रतिपिंड चांगले पी-५३ आणि बिघडलेले पी-५३ यांत फरक करत नाही. प्रथिन हजर आहे एवढेच ते सांगते, कामावर आहे की नाही हे सांगत नाही. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने नातेवाइकांची फार दिशाभूल होते, आणि माझ्या मते रिपोर्टात तो शब्द टाळून नुसते ‘म्युटंट पॅटर्न’ लिहिणेच योग्य आहे. याच आजाराच्या काही रुग्णांत उलटे चित्र दिसते : गाठीची सगळी केंद्रके कोरी, आणि शेजारच्या रक्तवाहिनीच्या किंवा तंतुमय ऊतकाच्या पेशी मात्र फिकट तपकिरी. शेजारच्या पेशी रंगल्या, म्हणजे रंगप्रक्रिया व्यवस्थित झालेली आहे. गाठीत प्रथिन तयारच होत नाही, कारण तिथे जनुक मधूनच तुटलेले आहे. भरून वाहणारी काच आणि पूर्ण कोरी काच, या दोन्हींचा अर्थ एकच : जनुक बिघडले आहे. निरोगीपणाची खूण मधल्या विरळ चित्रात असते.

हाय ग्रेड सीरस प्रकारात हा बिघाड इतका ठरलेला असतो की २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१६ गाठींच्या जनुकवाचनात तो ९६ टक्के गाठींत सापडला. त्यामुळे ही ओळ आत्याबाईंच्या बाबतीत काही जास्तीचे वाईट घडल्याची खूण नाही. ती निदानावरचे शिक्कामोर्तब आहे.

पाटण_खोरे
मंगळवार, रात्री ९.३०

डॉक्टर, फार उपयुक्त लिहिलेत. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे, विज्ञानाचा माणूस नाही, तरी विचारतो. बिघडलेले यंत्र बंद पडते, हे समजते; पण बिघडलेले प्रथिन साठत का जाते? बिघडलेली वस्तू पेशीने उलट लवकर मोडीत काढायला हवी.

सूक्ष्मदर्शी
मंगळवार, रात्री १०.२०

पाटणकर काका, आपल्याच खात्यातले उदाहरण देते. निरोगी पेशी पी-५३ सतत बनवते आणि सतत मोडते. बनलेल्यातले निम्मे पाच ते तीस मिनिटांत नाहीसे होते. मोडण्याचे काम एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन करते. ते पी-५३ ला जाऊन चिकटते आणि त्याच्यावर मोडीत काढण्याची खूण लावते. गंमत अशी की एमडीएम-२ चे जनुक चालू करणारे खुद्द पी-५३ च आहे. कोयनेची पातळी वाढली की तिच्यामुळेच वक्र दरवाजे उचलले जातात आणि पातळी पुन्हा खाली येते, तसे हे चक्र आहे. डीएनएचा दोर तुटला की एटीएमसारखी दुसरी प्रथिने पी-५३ वर फॉस्फेट बसवतात, एमडीएम-२ ची पकड सुटते, म्हणजेच दरवाजे काही काळ मुद्दाम बंद ठेवले जातात, आणि पातळी चढते. काम झाले की दरवाजे पुन्हा उघडतात.

बिघडलेल्या पी-५३ ला डीएनएवर बसता येत नाही, म्हणून त्याच्याच्याने एमडीएम-२ चे जनुक चालू होत नाही. दरवाजे उचलणारेच कोणी राहिले नाही, की धरण भरत जाते, आणि त्या भरलेल्या पाण्याचा एक थेंबही शेतापर्यंत पोहोचत नाही.

मात्र एवढ्याने सगळे उलगडते असे नाही. हे बिघडलेले जनुक जन्मापासून असलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले, तेव्हा त्यांच्या निरोगी ऊतकांत प्रथिन साठले नाही; गाठ झाली, तिथेच ते साठले. गाठीतल्या पेशींवरचा सततचा ताण आणि घडीतून सुटलेल्या प्रथिनाला सांभाळून धरणारी हीट शॉक प्रथिने यांचाही त्यात वाटा आहे.

मेणवलीकर
बुधवार, सकाळी ७.५०

मी वाई तालुक्यात राहतो आणि निवृत्त होण्यापूर्वी रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होतो. सरांना जो भ्रम क्षणभर झाला, त्याची उलटी बाजू जगभरच्या संशोधकांनी दहा वर्षे धरून ठेवली होती, म्हणून हा इतिहास जरा ऐसपैस लिहितो.

पी-५३ सापडले १९७९ मध्ये, आणि एकाच वर्षी अनेक ठिकाणी. लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनमध्ये डॅनियल लिंझर आणि अर्नोल्ड लेव्हिन, न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांचा गट आणि फ्रान्समध्ये पिएर मे यांचा गट. माकडांमधल्या एसव्ही-४० या विषाणूमुळे कर्करोगी बनलेल्या पेशींत, विषाणूच्या प्रथिनाला चिकटून वर येणारे पेशीचे स्वतःचे एक प्रथिन त्यांतल्या बहुतेकांना दिसले. जेलवर ते ५३ किलोडाल्टनपाशी थांबले, म्हणून पी-५३. वास्तविक त्याचे वजन सुमारे ४४ किलोडाल्टन भरते. ३९३ अमिनो आम्लांच्या या साखळीत प्रोलीन जास्त असलेला एक भाग आहे, त्यामुळे ती जेलमधून सावकाश सरकते. नाव चुकीच्या वजनाचे पडले आणि तेच राहिले.

कर्करोगी पेशींत हे प्रथिन भरपूर आणि निरोगी पेशींत जेमतेम, त्यामुळे तेच कर्करोग घडवते असा सरळ तर्क निघाला. त्याचे जनुक दुसऱ्या एका कर्करोगकारक जनुकाबरोबर उंदराच्या पेशींत घातले की पेशी बेबंद वाढतही होत्या, तेव्हा पुरावाही हातात होता. चूक कुठे होती, तर प्रयोगशाळांनी जे जनुक वेगळे काढून एकमेकींना वापरायला दिले होते, ते गाठींच्या पेशींतून घेतलेले आणि आधीच बिघडलेले होते. अस्सल जनुक वापरले, तेव्हा निकाल उलटा आला. १९८९ मध्ये लेव्हिन आणि मोशे ओरेन यांच्या प्रयोगशाळांनी दाखवले की अस्सल पी-५३ पेशींची बेबंद वाढ रोखते. त्याच वर्षी बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटात सुझान बेकर यांनी आतड्याच्या गाठी तपासल्या. त्या गाठींत १७ व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूचा तुकडा एका प्रतीतून गळालेला होता, आणि जी प्रत उरली होती तिच्यातले पी-५३ चे जनुक बिघडलेले होते. लेन यांनी ‘जनुकसंचाचा राखणदार’ हे नाव वापरले ते त्यानंतर, १९९२ मध्ये.

नुसते प्रमाण पाहून भूमिका ठरवली, म्हणून ही चूक झाली. आम्ही प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला ही हकीकत सांगत असू.

कृष्णाकाठ
बुधवार, रात्री ९.१०

डॉक्टर आणि मेणवलीकर सर, आपले आभार कसे मानावेत कळत नाही. आज वर्गात कोयनेच्या दरवाजांचे उदाहरण दिले आणि पहिल्यांदाच मागच्या बाकावरच्या मुलांनी प्रश्न विचारले. एका मुलीने विचारले, “सर, एक अक्षर बदलल्याने एवढे मोठे प्रथिन निकामी कसे होते?” आणि लगोलग दुसरा प्रश्न, “प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात ना, मग दुसरी प्रत काय करते?”

मेणवलीकर
गुरुवार, सकाळी ८.२०

त्या मुलीला माझ्या वतीने शाबासकी द्यावी. या प्रथिनाचा मधला भाग डीएनएवर बसणारा आहे आणि तो जस्ताच्या एका अणूभोवती घडी घालून उभा असतो. गाठींत सापडणारे बहुतेक बदल याच भागात आढळतात, आणि त्यांतही काही जागा पुन्हा पुन्हा सापडतात : १७५, २४५, २४८, २४९, २७३, २८२. निकोला पावलेटिच यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये डीएनएला बिलगलेल्या या भागाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तेव्हा याच जागा का, ते स्पष्ट झाले. २४८ आणि २७३ क्रमांकांची आर्जिनिने प्रत्यक्ष डीएनएला हात लावून असतात. ती बदलली की पकडच सुटते. १७५ ची जागा डीएनएपासून लांब आहे, पण तिथे बदल झाला की घडी सैल पडते आणि सगळा भागच आकार सोडतो. कडी मोडली काय आणि बिजागरी निखळली काय, दार लागत नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. पी-५३ एकटे काम करत नाही, चार साखळ्या एकत्र जुळून एक कामाचा संच होतो. एका प्रतीकडून चांगल्या आणि दुसरीकडून बिघडलेल्या साखळ्या सारख्याच संख्येने तयार झाल्या आणि त्या सरमिसळ होऊन जुळल्या, तर कागदावरच्या हिशेबाने चारही चांगल्या साखळ्या असलेला संच सोळांत एकच निघेल. प्रत्यक्ष पेशीत जुळणी इतकी बिनभेद होत नाही, पण बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीलाही निष्प्रभ करते हे खरे. पुढे बहुतेक गाठींत ती चांगली प्रतही गळून जाते.

सर, वर्गासाठी आणखी एक. हत्तीच्या देहात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी असतात आणि तो दीर्घायुषीही आहे, तरी त्याला कर्करोग कमी होतो. २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवले की हत्तीत या जनुकाच्या सुमारे वीस प्रती आहेत, आणि डीएनएला इजा होताच त्याच्या पेशी आपल्या पेशींपेक्षा तत्परतेने मरण पत्करतात.

खटाव_माण
गुरुवार, दुपारी १.३५

आमच्याकडे भुईमूग आणि मका दोन्ही होतात. बुरशी आलेल्या शेंगांनी लिव्हरचा कॅन्सर होतो असे कृषी मेळाव्यात ऐकले होते. त्याचा या प्रथिनाशी संबंध आहे का? ओल लागलेल्या शेंगा आमच्याकडे वाळवून तेलाला घालतात, म्हणून विचारतो.

सूक्ष्मदर्शी
गुरुवार, रात्री ८.४५

दादा, आहे, आणि अगदी नेमका आहे. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. यकृत त्याच्यावर प्रक्रिया करते आणि त्यातून जो पदार्थ निघतो, तो डीएनएच्या ‘जी’ या अक्षराला चिकटतो. १९९१ मध्ये चीनमधल्या छिडोंग भागातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या यकृताच्या गाठी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकींत पी-५३ चे २४९ वे स्थान एकाच पद्धतीने बदललेले सापडले : तिसऱ्या अक्षरात ‘जी’ च्या जागी ‘टी’. ज्या भागात हे विष अन्नात फारसे नाही, तिथल्या यकृताच्या गाठींत हा बदल क्वचितच दिसतो. हिपॅटायटिस-बी ची लागण असेल तर अफ्लाटॉक्सिनचा धोका अनेक पटींनी वाढतो.

शेंगा काढणीनंतर लगेच आणि पूर्ण वाळवाव्यात, ओल्या शेंगांची थप्पी लावू नये, आणि काळपट, हिरवट, सुरकुतलेले दाणे निवडून टाकून द्यावेत. हे विष साध्या भाजण्याने किंवा उकळण्याने पुरते जात नाही. निवडून काढलेले दाणे घाण्याला घालू नयेत आणि जनावरांनाही घालू नयेत, कारण गाईम्हशींच्या दुधात ते रूप बदलून उतरते.

अशा खुणा इतर ठिकाणीही सापडतात. विडी-सिगारेटच्या धुरातले बेंझोपायरीन प्रयोगात पी-५३ च्या ज्या अक्षरांना जाऊन चिकटले, तीच अक्षरे फुप्फुसाच्या गाठींत बदललेली असतात. हे १९९६ मध्ये दाखवले गेले. उन्हातल्या अतिनील किरणांचा छाप याहून वेगळा असतो : लागून असलेली दोन ‘सी’ बदलून दोन ‘टी’ होतात. गुन्हेगार निघून गेला तरी पायाचा ठसा चिखलात राहतो, तसे हे जनुक काय घडले ते नोंदवून ठेवते.

तासगावचा_भाचा
गुरुवार, रात्री ११.२०

मी वर उल्लेख झालेल्या रुग्णाचा मुलगा. दादाने धागा वाचायला दिला. आई तीस वर्षे मिश्री लावते. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, डबीत भरून ठेवायची, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तिला वाटते की हे तिने स्वतःच्या हाताने ओढवून घेतले, आणि ती कोणाशी बोलत नाही. हे खरे आहे का, तेवढे सांगावे.

सूक्ष्मदर्शी
शुक्रवार, सकाळी ६.३०

दादा, हे आईंना वाचून दाखवावे. तुमचा हा आजार मिश्रीने झालेला नाही. मिश्रीने आणि गुटख्याने तोंडाचा कर्करोग होतो, त्यात पी-५३ चे जनुक फार वेळा बिघडलेले असते, आणि भारतीय रुग्णांच्या हिरड्या आणि गाल यांच्या गाठींच्या जनुकवाचनातही ते सापडले आहे. पण तुमच्या आजाराची वाट वेगळी आहे. त्याची सुरुवात बहुतेक वेळा बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी होते. इतर कारणांनी काढलेल्या, दिसायला पूर्ण निरोगी नळ्या आम्ही तपासतो, तेव्हा तिथल्या अस्तरात कधी कधी दहा-पंधरा पेशींची एक सलग रांग पी-५३ ने गडद रंगलेली दिसते. आकार नेहमीचा, मांडणी नेहमीची, फक्त ते एक जनुक बिघडलेले. अशा बहुतेक रांगांचे पुढे काहीही होत नाही. एखादीच कित्येक वर्षांनी वाढू लागते. तुम्ही काही केले म्हणून किंवा काही केले नाही म्हणून हे घडलेले नाही. मिश्री सोडलीत तर उत्तमच, कारण केमोमध्ये तोंड येते आणि भाजलेल्या तंबाखूने ते अधिक सोलवटते. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का, हे मात्र दवाखान्यात एकदा दाखवून घ्या.

आता तुमचा, दादा, पहिला प्रश्न. आईंच्या गाठीत सापडलेला पी-५३ मधला बदल हा त्या गाठीच्या पेशींत, मोठे झाल्यावर, घडलेला असतो. तो त्यांच्या रक्तातल्या पेशींत नसतो आणि मुलांकडे जात नाही. पी-५३ चा बिघाड जन्मजात असण्याचा आजार वेगळा आहे आणि फार विरळा आहे. त्याला ली-फ्राउमेनी सिंड्रोम म्हणतात. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्राउमेनी यांनी १९६९ मध्ये अशी घराणी नोंदवली आणि त्यामागे हेच जनुक आहे हे १९९० मध्ये कळले. त्या घरांत लहान वयात हाडांचे आणि स्नायूंचे कर्करोग, तिशीच्या आसपास स्तनाचा कर्करोग, मेंदूच्या आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या गाठी असे पिढ्यान्‌पिढ्या दिसते. तुमच्या घरात तसे काही नसेल, तर त्या दिशेने काळजी करू नये.

पण एक तपासणी अवश्य मागावी, आणि ती पी-५३ ची नव्हे. हाय ग्रेड सीरस प्रकारच्या प्रत्येक रुग्णाची, घराण्यात कोणाला कर्करोग असो वा नसो, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांची तपासणी रक्तावर करायची असते. साधारण सहा-सात रुग्णांत एकीत यांपैकी एका जनुकातला बिघाड जन्मजात निघतो. निघाला, तर केमोनंतर ओलापरिबसारख्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. शिवाय तो बदल मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून तुमची आणि पुढे मुलींचीही तपासणी वेळेवर ठरवता येते. मुलींची तपासणी त्या सज्ञान झाल्यावर करायची, आज नव्हे.

हरिपूर_पेव
शुक्रवार, दुपारी ४.१०

सांगलीत हा विषय निघाला की हळद येतेच. आमचा घरचा हळदीचा व्यापार आहे. हळदीतल्या कर्क्युमिनने पी-५३ वाढते असे निरोप रोज येतात, आणि गिऱ्हाईक आम्हालाच विचारते. खरे काय आहे?

मेणवलीकर
शुक्रवार, सायंकाळी ७.००

काचेच्या बशीत वाढवलेल्या काही पेशींत कर्क्युमिनने पी-५३ वाढल्याचे निष्कर्ष आहेत, तसेच काही पेशींत ते उलट मोडले गेल्याचेही आहेत. पोटातून घेतलेले कर्क्युमिन रक्तात अगदी थोडे उतरते, म्हणून बशीतली मात्रा शरीरात गाठता येत नाही. आणि ज्या गाठीत हे जनुकच बिघडलेले आहे, तिथे बिघडलेले प्रथिन आणखी वाढवून मिळवायचे काय? या धाग्याचा सगळा विषय तोच आहे. भाजीतली हळद जरूर खावी. केमो चालू असताना कर्क्युमिनच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. सांगलीच्या हळदीची कीर्ती तिच्या रंगावर आणि वासावर उभी आहे, तिला या आधाराची गरज नाही.

कराडची_सून
शुक्रवार, रात्री ९.००

मग बिघडलेले पी-५३ दुरुस्त करणारे किंवा चांगले पी-५३ पुरवणारे औषध नाही का?

मेणवलीकर
शनिवार, सकाळी ९.१५

प्रयत्न पुष्कळ झाले. एखाद्या प्रथिनाचे काम अडवणारे औषध करणे सोपे असते, हरवलेले काम परत मिळवून देणे अवघड. चांगले जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून गाठीत टोचण्याच्या औषधाला चीनने २००३ मध्ये डोके आणि मान यांच्या कर्करोगासाठी मान्यता दिली, पण अन्यत्र ते रुळले नाही. ज्या गाठींत पी-५३ शाबूत असते आणि एमडीएम-२ च फार झालेले असते, त्यांच्यासाठी त्या दोघांची पकड सोडवणारी नटलिन नावाची संयुगे २००४ मध्ये पुढे आली. घडी सावरण्यासाठी दिलेले एक औषध २०२० च्या अखेरीस रक्ताच्या एका आजारावरच्या मोठ्या चाचणीत अपेक्षित यश दाखवू शकले नाही. सध्या माझे लक्ष २२० व्या स्थानाच्या बदलावर आहे. तिथे टायरोसीन जाऊन सिस्टीन आले की प्रथिनाच्या पृष्ठभागावर एक खोबण पडते, आणि त्या खोबणीत बरोबर बसणारे औषध रुग्णांवर तपासले जात आहे. ते त्या एकाच बदलासाठी आहे.

सूक्ष्मदर्शी
शनिवार, रात्री ८.३०

उपचार आजच बदलतो अशी एक जागा आहे. रक्ताच्या दीर्घकालीन लिम्फोसायटिक कर्करोगात १७ व्या गुणसूत्राचा तो तुकडा गळालेला असेल किंवा हे जनुक बिघडलेले असेल, तर नेहमीची केमो चालत नाही आणि वेगळ्या गोळ्या देतात. कारण साधे आहे : ती केमो डीएनएला इजा करते, आणि इजा झाल्यावर पेशीला मारायला पी-५३ च लागते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल लिहायचे राहिले होते. तिथे जनुक बहुधा शाबूत असते. एचपीव्ही विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीच्याच एका यंत्रणेला हाताशी धरून पी-५३ बनेल तसे मोडत राहते. म्हणजे राखणदाराला फितवलेले नाही, त्याला रोज उचलून नेले जाते. पण इथे शत्रू बाहेरचा आहे, आणि तो आधी पकडता येतो. सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सातारा-सांगलीतल्या तीस वर्षांवरील ताईंनी ही तपासणी करून घ्यावी.

कृष्णाकाठ
पुढचा गुरुवार, रात्री १०.०५

आत्याची पहिली केमो मंगळवारी झाली. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी. उलट्या झाल्या नाहीत, तोंडाला चव नाही एवढेच म्हणते. बीआरसीए तपासणीचा विषय आम्ही काढताच तिथल्या डॉक्टरांनी होकार दिला, आणि रक्त त्याच दिवशी पुण्याला पाठवले. उत्तराला तीन-चार आठवडे लागतील.

आतेभावाने शुक्रवारचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. “दहा-पंधरा पेशींची रांग” इथपर्यंत आल्यावर तिने त्याला थांबवले आणि विचारले, “म्हणजे केवढी रे?” त्याने सुईच्या टोकाकडे बोट दाखवले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग, आठ दिवसांत पहिल्यांदाच, बागेत छाटणीला कोण आले आहे याची चौकशी केली. मिश्रीची डबी तिने सुनेजवळ दिली आहे.

डॉक्टर, एक शेवटचा प्रश्न. गाठीचे मेणातले ब्लॉक आणि काचा मागून घ्याव्यात का, की त्या तिथेच राहू द्याव्यात?

सूक्ष्मदर्शी
पुढचा शुक्रवार, सकाळी ६.४५

उपचार तिथेच चालू आहेत तोवर ब्लॉक तिथेच सुरक्षित राहतील. दुसरीकडे दाखवायचे ठरले, किंवा रक्तातली तपासणी कोरी आली आणि गाठीवर पुन्हा तपासणी करायची वेळ आली, तर अर्ज देऊन ब्लॉक मागावेत. ते रुग्णाला मिळतात. ब्लॉकवरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक तिथेच उभे राहून जुळवून घ्यावा. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत, मेण वितळते. रक्ताचे उत्तर आले की याच धाग्यावर लिहावे, मी वाचेन.